देवाजीचं तिसरं साल

या बाप्पा, या. दाराशी कावून थांबले? सतरंजी मोठी आहे, पुढं सरका. म्हाताऱ्या माणसांना भिंतीची जागा द्या. कीर्तनाला अजून अवकाश आहे, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, फुटबॉलची आहे. हसू नका. एक माणूस ‘धीर धरा’ म्हणतो आणि बाकीचे सगळे माना डोलावून त्याच्या उलट करतात, अशी कुठलीही गोष्ट हरिकथेच्या अंगणातलीच असते. आणि ही आपल्या भिलाईतली आहे, भिलाई मध्य प्रदेशात होतं तेव्हाची. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो.

तर केवलराम नावाचा एक भला माणूस पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला होता. मूळचा तुमसरकडचा. शिफ्ट सुटली की अंगावरची काळी धूळ धुवायची, चहा ढोसायचा आणि मंडळाच्या कामाला लागायचं, हा त्याचा नेम. प्लांटच्या वसाहतीतल्या त्याच्या सेक्टरातल्या मराठी माणसांचं ते श्रीदत्त मंडळ. मंडळाचे दोन संसार होते. हिवाळ्यात दत्तजयंतीचं कीर्तन, आणि बाकी वर्षभर फुटबॉलची टीम. केवलराम दोन्हीकडे. कीर्तनात बुवांच्या मागं झांज धरायची, मैदानावर चेंडूत हवा भरायची, लिंबं कापायची. कागदावर तो सहचिटणीस होता. म्हणजे काय, तर सामान आणणारा.

आता या मंडळाची एक रीत ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच अडकली आहे. टीमचा पहिला कोच एक बंगाली दादा होता. त्याची बदली झाली. दत्तजयंतीच्या कीर्तनात, पूर्वरंग संपला की बुवा दम घेतात त्या मध्यंतरात, मंडळानं त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. सगळे रडले. पुढच्या वर्षीचा कोच स्पर्धा हरला. मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी, प्लांटमध्ये फोरमन, गळा ढोलासारखा आणि काळीज लोण्याचं. माणसाला तोंडावर ‘जा’ म्हणणं त्यांच्या जिवावर येई. मग त्यांना बंगाली दादाची आठवण झाली. त्यांनी हरलेल्या कोचालाही मध्यंतरात बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला, ‘आपल्या सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे’ म्हणाले. बिचारा फुलून घरी गेला. आपल्याला काढलंय हे त्याला आठवड्यानं समजलं.

तेव्हापासून रीतच पडली. हरले की नारळ. एक केरळचा मास्तर आला, त्यानं पोरांना नुसतं पळवलं, त्याला नारळ. एक रिटायर हवालदार आला, त्यानं कवायत शिकवली, त्याला नारळ. येणारा प्रत्येक जण आदल्याचं शिकवलेलं पुसायचा आणि आपलं लिहायला घ्यायचा. लिहून होण्याआधी दत्तजयंती यायची. पोरांच्या पायांनाच कळेना, आपण कोणाचे.

आणि दर वेळी शाल-नारळ आणायला सुपेल्याच्या बाजारात जायचं कोणी? केवलरामनं. तिथला सिंधी दुकानदार त्याला लांबूनच ओळखायचा.

“क्यों केवलराम भाऊ, फिर हार गए?”

“दे ना यार, चुपचाप.”

“बड़ा दूँ कि छोटा? कितने गोल से हारे?”

केवलराम मान खाली घालून नारळ कानाशी हलवून पाहायचा आणि पिशवीत टाकायचा. सायकलवर परतताना ती पिशवी हँडलला लटकून गुडघ्यावर आपटत राहायची. प्रत्येक आपटीला त्याला वाटायचं, हा नारळ आपल्यालाच टोचून राहिला.

अशात देवाजी आला. चरोद्याच्या रेल्वे यार्डात यार्डमास्तर. तरुणपणी नागपुरात रेल्वेकडून खेळलेला. स्वभाव म्हणाल तर कडू कारल्यासारखा. कोणाच्या घरी चहाला जायचा नाही, अध्यक्षाला नमस्कार करायला विसरायचा, आणि डोक्यावरची मळकी टोपी देवळातसुद्धा काढायची त्याला आठवण करून द्यावी लागे. पहिल्याच दिवशी तो समितीपुढं म्हणाला, “मले तीन साल द्या. पयल्या साली हरू. दुसऱ्या साली लोकायले वाटन का जमून राहिलं, अन् तरी हरू. तिसऱ्या सालचं मंग बोला.”

भैय्याजी हसले. “अन् तिसऱ्या साली हरले तं?”

“तं नारळ मी सोता घेऊन येईन.”

समितीतले बाकीचे गालात हसले. केवलराम हसला नाही. मैदानाकडं जाताना तो देवाजीला म्हणाला, “तुमच्या नावाचा नारळ माह्या हातून येणार नाही जी. शबूद देतो.”

“शबूद नको देऊ,” देवाजी म्हणाला. “चेंडूत हवा कमी हाये, ते पाह्य.”

पण शब्द दिला तो दिलाच.

पहिल्या साली देवाजीच्या म्हणण्याप्रमाणं टीम हरली. कोणी दुसरा कोच मिळाला नाही म्हणून नारळ टळला. देवाजी रोज संध्याकाळी चरोद्याहून लोकलनं यायचा आणि पोरांना एकच गोष्ट करायला लावायचा. चेंडू जमिनीवर ठेवायचा, जवळच्याला द्यायचा, आणि दिल्यावर आपण जागा बदलायची. बस. महिनोन्‌महिने तेच. वर मारायचं नाव काढलं की तो शिट्टी फुंकायचा. केवलरामला हे आधी उमगेना. मग एके दिवशी उमगलं. लाल मुरमाच्या मैदानावर चेंडू एका पायाकडून दुसऱ्याकडं सरकत होता, मागं, आडवा, पुढं, परत मागं, आणि त्या ‘टप टप’ आवाजात त्याला एकाएकी ताल ऐकू आला. मृदंग शिकणारं पोर आधी किती दिवस एकच बोल घोकतं! गुरू त्याला अभंगाला हात लावू देत नाही. मग एक दिवस बोट आपसूक चालतं, आणि घरातली बाई पोळी लाटता लाटता थांबते. तसा केवलराम अर्धं लिंबू हातात धरून थांबला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी त्याला सुध नाही.

“का गा, रडून राहिला का?” देवाजीनं विचारलं.

“लिंबू उडलं जी डोयात.”

दुसऱ्या साली टीम उपांत्य सामन्याला पोचली. समोर दुर्गच्या पद्मनाभपूरची टीम. मैदानाभोवती सायकली टेकवून सारा सेक्टर उभा होता. भैय्याजींसाठी एकच खुर्ची. शेवटच्या घडीपर्यंत कोणाचाच गोल नाही. आणि चेंडू आला लहानूकडं. हा लहानू डावा बॅक, प्लांटमध्ये वेल्डर, भैय्याजींच्याच हाताखालचा. देवाजीनं शिकवलेलं सरळ होतं. असा अडचणीत सापडला तर मागं गोलकीपर ओमप्रकाशकडं द्यायचा. तो उजवीकडं काढून देईल. ओमप्रकाश हात पसरून उभाही होता. लहानूनं मान वळवली.

तेवढ्यात भैय्याजी खुर्चीवरून उठले. त्यांचा तो गळा, प्लांटच्या शॉपमध्ये मशिनीच्या आवाजावर चढणारा. “लहानू! मार वर! मार ना बाप्पा वर!”

आता सांगा, रोज आठ तास ज्याच्या हाकेवर हातातलं टाकून धावायचं, त्याची हाक मैदानावर तरी कशी मोडणार? लहानूचे पाय ड्युटीवरचेच होते. त्यानं डोळे मिटून वर मारला. चेंडू उंच गेला, वाऱ्यानं फिरला आणि पडला तो पद्मनाभपूरच्या पुढच्या पोराच्या छातीवर. त्यानं दोन पावलं टाकली आणि जाळं हललं.

“पाह्यलं?” भैय्याजी चहूकडं फिरून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. “पाह्यलं? दोन साल काय शिकवलं यानं? साधा चेंडू मारता येत नाही पोरायले!”

सामना संपल्यावर देवाजी लहानूजवळ गेला. लहानू मुरमात बसून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत होता.

“कोनाचं ऐकलं तू?”

“भैय्याजीचं जी. फोरमन होत ना ते.”

“कारखान्यात ऐक. इथं मी होय फोरमन,” देवाजी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “उद्या ये टायमावर.”

समितीची बैठक भैय्याजींच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झाली. दत्तजयंती आठवड्यावर आलेली. चिवड्याची ताटली फिरली, आणि भैय्याजी दुःखानं म्हणाले, “माणूस चांगला आहे गा. पण निकाल नाही. यंदा सत्कार करून टाकू.”

केवलराम उठला. बैठकीत तो कधी बोलायचा नाही. चहाचे कप उचलण्यापुरताच उठायचा. त्यामुळे कोणीतरी आपला कप पुढं केला. केवलरामनं तो घेतलाच नाही.

“मले एक बोलाचं आहे जी,” तो म्हणाला. मुद्दा त्यानं तीन दिवस शिफ्टमध्ये घोकला होता. “देवाजीनं तीन साल मांगतले होते. दोनच झाले. अन् निकालाचंच म्हनता तं आपले नरहरीबुवा पाहा. लहान होतो तेव्हापासून त्यायचं नाव ऐकून राहिलो. मंडळ निघालं तेव्हापासून दर दत्तजयंतीले तेच येते. मागच्या साली त्यायचा आवाज बसला. त्याच्या मागच्या साली मधातच अभंग इसरले, मी झांज वाजवत राह्यलो म्हणून निभलं. तरी आपण बुवा बदलवला का? नाही बदलवला! कावून? तं बुवा आपला होय, आपल्याले त्याची सवय होय, अन् त्याले आपली. मंग कोचालेच कावून बदलवता दर साली?”

भैय्याजींनी चिवड्याचा घास तसाच धरून ठेवला. केवलरामला वाटलं, लागला. बाण लागला.

“बरोबर बोलला केवलराम,” भैय्याजी हळूच म्हणाले. “एकदम बरोबर. आपल्या ध्यानातच नाही आलं.”

केवलरामचा जीव सुपाएवढा झाला.

“बुवालेही बदलवलं पायजे.”

“आं?”

“खरं आहे ना जी,” खजिनदार म्हणाले. “गेल्या साली मागच्या बायांना काहीच ऐकू नाही आलं.”

“रायपूरकडं एक तरुण बुवा आहे म्हणतात. सोता माईक घेऊन येते.”

“पेटीही त्याचीच.”

“नाही, नाही,” केवलराम हात हलवू लागला, “मी तं म्हनत होतो का—”

“समजलं बाप्पा, समजलं. तुह्या मनात बुवाबद्दल आदर आहे,” भैय्याजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मान राखू त्यायचा. शाल जरा गरम पाहून आण. दोन शाला, दोन नारळ.”

फुटबॉलमध्ये एखादा गडी घाबरून आपल्याच जाळ्यात चेंडू मारतो. मग तो जसा उभा राहतो, हात कमरेवर, काय झालं हे न कळून, तसा केवलराम उभा राहिला. तरी एक गोष्ट त्याच्या हातात उरली होती. “मी नाही आणणार,” तो म्हणाला.

“नको आणू,” भैय्याजी प्रेमानं म्हणाले. “थकला तू. खजिनदार आणतील.”

घरी आल्यावर त्यानं सगळं शकुबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

“तुमाले बोलाले कोनं सांगतलं होतं?”

“मी तं देवाजीसाठी—”

“देवाजीचा नारळ वाचवाले गेले, अन् बुवाचा घेऊन आले,” ती म्हणाली, आणि सूप जरा जोरातच पाखडलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यानं देवाजीला सांगून टाकलं. देवाजीनं टोपी काढली, आतली घडी झटकली, पुन्हा घातली. “यार्डात डबा ढकलला का तो आपल्या चालीनं जाते,” तो म्हणाला. “मागून धावत जाऊन धक्के मारले तं तो लवकर पोचत नाही. तुटते. हे त्यायले कोनी सांगाव?” मग त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि सराव सुरू केला. तेच. चेंडू जमिनीवर, जवळच्याला द्यायचा, जागा बदलायची. केवलरामला ते बघवेना. ज्या घराला उद्या कुलूप लागायचं, ते झाडून घेतल्यासारखं वाटत होतं.

पण खरी परीक्षा दत्तजयंतीच्या दुपारी होती. नरहरीबुवा दर वर्षी केवलरामच्याच घरी उतरायचे. या वर्षीही आले. खांद्यावर वीणा, गळ्याला मफलर, आवाज खरखरीत. शकुबाईनं भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि नजर वर न करता आत गेली.

“मंग केवलराम, तुमचा तो टोपीवाला टिकला का औंदा?” बुवांनी विचारलं.

केवलरामनं हातातली भाकर ताटात ठेवली. “टिकला म्हणजे... आज सत्कार आहे जी त्याचा.”

“म्हणजे नारळ,” बुवा म्हणाले. मंडळाची रीत त्यांनाही ठाऊक होती. सगळे नारळ त्यांच्याच मध्यंतरात दिले गेले होते. “मानूस टिकू द्याव गा. काय घाई असते लोकायले? मलेच पाहा. अर्धा आवाज गेला, तरी तुमी बलावता. म्हनून तं येवाव वाटते.”

केवलरामनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. सांगायला हवं होतं.

दिवेलागणीला मांडवात कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंग झाला. बुवांचा आवाज दोनदा फाटला. दोन्ही वेळा केवलरामनं झांज जरा जोरात वाजवून झाकून घेतला. मग मध्यंतर. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, आणि भैय्याजी उभे राहिले. आधी देवाजीला बोलावलं. शाल, नारळ, ऋणी आहे. देवाजीनं नारळ घेतला आणि एवढंच म्हणाला, “माहं एक साल बाकी राह्यलं.” लोकांना वाटलं गंमत केली. टाळ्या वाजवल्या.

मग दुसरी शाल पुढं आली. भैय्याजी बुवांकडं वळले. “बुवांनी इतकी वर्षं सेवा दिली. आता त्यांना आराम मिळावा अशी मंडळाची इच्छा आहे. पुढच्या वर्षीपासून...” पुढचं बोलवेना. ते खरंच रडत होते हो! म्हणूनच तर कोणाला त्यांच्यावर रागावताही येईना.

बुवांनी शालीकडं पाहिलं. मग मागं वळून केवलरामकडं पाहिलं. केवलरामनं मान खाली घातली. बुवा भैय्याजींना म्हणाले, “उत्तररंग तरी म्हनू द्याल ना?”

“हे काय बोलणं झालं बुवा? आजचं कीर्तन तुमचंच!”

आणि बुवांनी उत्तररंगाला आपलं ते दह्याचं आख्यान लावलं. सेक्टरातल्या लेकरालासुद्धा ते पाठ होतं. सासू गावाला जाते. जाताना सुनेला सांगते, दुधाला विरजण लावलंय, सकाळपर्यंत हात लावू नको. सून घडीघडीनं झाकण काढते. लागलं का? नाही. भांडं हलवते. लागलं का? नाही. विरजण खराब असेल म्हणून शेजारणीकडून दुसरं आणते, घालते, ढवळते. पुन्हा पाहते. मग तिसरीकडून आणते. बुवा सुनेची लगबग करून दाखवायचे, पदर खोचायचे, भांड्यात डोकावायचे. माणसं लोटपोट व्हायची. सकाळी सासू येते. भांड्यात ना दूध ना दही. विचारते, हे काय गं? आणि सून काय म्हणते? इथं बुवा हात कानाशी नेऊन थांबायचे, आणि सारा मांडव एका सुरात ओरडायचा.

तसाच आजही ओरडला. “विरजणच खोटं!”

सगळ्यांत मोठा आवाज भैय्याजींचा होता. हसून हसून त्यांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. खजिनदार डोळे पुसत होते. केवलरामच्या हातातली झांज निसटली आणि एकटीच खणकन वाजली. त्याला वाटलं उठावं, एकेकाचा खांदा धरून हलवावं. अरे, ही सून कोण? कोणाची गोष्ट ऐकून राहिले तुम्ही? पण हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं!

दर वर्षी या हशानंतर बुवा सासूचं उत्तर म्हणायचे, ‘विरजण खरं होतं गं, तुझा हातच थांबला नाही,’ आणि तिथं आख्यान मिटायचं. आज त्यांनी ते म्हटलंच नाही. हसू ओसरेपर्यंत उभे राहिले, वीणेला नमस्कार केला आणि आरती सुरू केली. काही गाळलं गेलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी केवलराम त्यांना सायकलवर स्टेशनला घेऊन गेला. गाडीची वाट बघताना त्यानं हात जोडले. “बुवा, माह्या बोलण्यानं झालं हे. मी तुमचा दाखला द्याले गेलो, अन्...”

“माहीत हाये. तुह्या बाईनं सांगतलं सकाळी,” बुवा म्हणाले. “चांगला दाखला दिला गा तू. ऐकणारे उलटे निघाले, त्याले तू काय करशीन?”

“मंग काल सासूचं उत्तर कावून नाही म्हटलं?”

“ज्याले दही पायजे त्याले सांगाव ते. यायले भांडं हलवाचीच हौस.” गाडी आली तेव्हा त्यांनी नारळ केवलरामच्या पिशवीत टाकला. “हे ओझं नको मले. चटणी कराले सांग बाईले.”

चटणी झाली नाही. तो नारळ शकुबाईच्या फळीवर कित्येक दिवस तसाच पडून होता, आणि जेवायला बसलं की समोर दिसायचा.

पुढचं काय सांगू? माईकवाले बुवा एकदाच आले, त्यांनाही नारळ. देवाजीच्या जागी आलेल्या कोचानं पहिल्याच दिवशी पोरांना वर मारायला शिकवलं. भैय्याजी खूश झाले. टीम पहिल्याच सामन्यात हरली आणि पुन्हा सुपेल्याला माणूस गेला. लहानूनं खेळणं सोडलं. तो म्हणायचा, “पायाले आता समजतच नाही.” केवलराम झांज धरायचा, लिंबं कापायचा, बैठकीत मात्र पुन्हा कधी बोलला नाही.

पण सुट्टीच्या दिवशी तो लोकल धरून चरोद्याला जाऊ लागला. तिथं रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर देवाजी दुसऱ्या पोरांना घेऊन उभा असायचा. तीच टोपी, तीच शिट्टी, तेच ‘जवळच्याला दे’. केवलरामनं पाहिलेला पहिला सामना ती पोरं हरली. केवलरामचा हात आपसूक पिशवीकडं गेला. इतक्या वर्षांची सवय! पण तिथं कोणी खुर्चीवरून उठलं नाही, कोणी शाल आणली नाही. देवाजी पोरांना म्हणाला, “उद्या या टायमावर,” आणि पोरं सायकली घेऊन घरी गेली. बस, एवढंच झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी केवलराम तिथं मुरमावर बसून राहिला. त्याला आनंद होत होता आणि आतून जळतही होतं, कारण हे आपल्या मैदानावर झालं असतं. एकाच सालाचा तर प्रश्न होता.

“का गा, आज बी लिंबू उडलं का?” देवाजीनं विचारलं.

“नाही जी,” केवलराम म्हणाला. “आज नाही आणलं लिंबू.”

झालं. मृदंग लागला वाटतं, सावरून बसा. आता माझं मागणं. आज मध्यंतरात कोणाला शाल पांघरली जाईल, कोणाच्या हाती नारळ पडेल. टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण वाजवायच्या आधी एक क्षण देवाजीची आठवण करा. मळक्या टोपीचा, कडू तोंडाचा तो माणूस. त्यानं आपल्याकडं फक्त तीन सालं मागितली होती हो.